चायना ग्रास दुधात नीट कसं बसवावं

नावात ग्रास असलं तरी हे गवत नव्हे. खडकाळ किनाऱ्यावर वाढणाऱ्या तांबड्या समुद्री शेवाळाचा हा वाळवलेला अर्क, म्हणजेच अगर. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात बायका बुडी मारून खडकांवरचं हे शेवाळ खुडतात. बेळगावात रविवार पेठेत काय, गल्लीतल्या किराणा दुकानात काय, पांढऱ्या पट्ट्यांचं 10 ग्रॅमचं पाकीट मिळतं. जिलेटिन मात्र जनावरांच्या हाडा-कातड्यांचं. दोन्हींची गल्लत नको.

एका पाकिटाला पाऊण लिटर म्हशीचं दूध, 200 मिली पाणी, 100 ग्रॅम साखर. वरून कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) चुरून घालणार असाल तर साखर 80 ग्रॅम पुरे.

पट्ट्या कात्रीने बारीक कापून अर्धा तास गार पाण्यात भिजवा. ते पाणी टाकून द्या आणि मोजलेल्या 200 मिली पाण्यात पट्ट्या मंद आचेवर 8-10 मिनिटं उकळा. अगर साधारण 85 अंशांच्या पुढेच विरघळतो, त्यामुळे नुसतं कोमट करून भागत नाही. चमच्यावर घेऊन उजेडात बघा: एकही दोरा दिसता कामा नये. बहुतेकांची वडी बिघडते ती इथल्या घाईनेच.

दुसऱ्या शेगडीवर दूध साखर घालून गरम ठेवा. गार दुधात अगर ओतलात की तिथल्या तिथे गोठून शेवयांसारखे तंतू होतात. गरम दुधात गाळून ओता, एक उकळी द्या, वेलदोडा घाला आणि पाण्याने ओल्या केलेल्या ताटात ओता.

35-40 अंशांवर हे आपोआप बसतं. बेळगावच्या हवेत फ्रीजही लागत नाही. अथणीकडे मे महिन्यात मात्र ताट गार पाण्याच्या परातीत ठेवावं लागतं.

सैल राहिलं तर फेकू नका. पुन्हा उकळा, वेगळ्या पाण्यात विरघळवलेला 2 ग्रॅम अगर त्यात मिसळा, परत ओता. दुधाऐवजी कोकमाचं सरबत बसवायचं असेल तर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, आच बंद केल्यावरच घाला. आंबटासोबत उकळलेला अगर कमजोर पडतो, म्हणून पट्ट्याही पाव हिश्श्याने जास्त घ्या.

फ्रीजमध्ये झाकून दोन दिवस टिकतं. फ्रीजरमध्ये ठेवू नका: गोठून वितळलं की पाणी सुटतं आणि स्पंज उरतो. अगरच्या कारखान्यांत हीच खोड कामाला लावतात; अर्क गोठवून, वितळवून त्यातलं पाणी काढून टाकतात.