संवादकौशल्यावरचे प्रश्न: मुलाखतीच्या दोन्ही बाजूंनी

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारले गेले, "तुमचे संवादकौशल्य कसे आहे?" मी ताबडतोब सांगितले की ते उत्तम आहे आणि मी कोणाशीही सहज बोलू शकतो. समोरच्या दोघांनी कागदावर काहीही लिहिले नाही आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. काही वर्षांनी मी स्वतः मुलाखती घेऊ लागलो, तेव्हा त्या कोऱ्या राहिलेल्या कागदाचा अर्थ मला कळला. माझ्या उत्तरात माझे स्वतःबद्दलचे मत होते. नोंदवून ठेवावी अशी एकही घटना त्यात नव्हती.

हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत, तांत्रिक बाब त्या विषयाची माहिती नसलेल्या माणसाला कशी समजावलीत, काम वेळेत होणार नाही हे वरिष्ठांना कसे सांगितलेत, अशी ती रूपे आहेत. या सर्वांमागे मुलाखत घेणाऱ्या मंडळाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: समोरच्याला काय ठाऊक नव्हते हे तुमच्या लक्षात आले होते का, आणि त्याला समजले आहे याची खात्री तुम्ही कशी करून घेतलीत? म्हणून प्रत्येक उत्तरात एक ऐकणारा माणूस दिसला पाहिजे.

ऐकणाऱ्याचा विसर किती सहज पडतो, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये केलेल्या प्रयोगातून दिसते. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी ते गाणे ओळखायचे, असा तो प्रयोग होता. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी अवघी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र फक्त टकटक पडते. कार्यालयातल्या ईमेलचेही पुष्कळदा असेच होते.

माझ्याच बाबतीत ते घडले होते. "फाइल अद्ययावत केली आहे" एवढेच लिहून मी हिशेब विभागाला आकडे पाठवले. ते तात्पुरते आहेत हे मला माहीत होते, त्यांना नव्हते. त्यांनी ते अंतिम समजून पुढे पाठवले. चूक कळताच मी फोन करून ती माझी असल्याचे सांगितले, सुधारित आकडे कधी मिळतील ती वेळ दिली, आणि तेव्हापासून ईमेलच्या विषयातच "तात्पुरते" किंवा "अंतिम" असे लिहू लागलो. पुढच्या मुलाखतीत गैरसमजाबद्दलचा प्रश्न आला तेव्हा मी हीच घटना सांगितली, आणि या वेळी समोरच्यांनी लिहून घेतले. स्वतःची चूक सांगितल्याने आपली किंमत कमी होईल अशी भीती नवोदितांना वाटते. माझा मंडळावरचा अनुभव असा आहे की "माझ्याकडून कधी गैरसमज झालाच नाही" हे उत्तर अधिक चिंताजनक वाटते.

परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने उत्तर देण्याची "स्टार" पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती उपयुक्त आहे, परंतु बहुतेक उमेदवार परिस्थितीचे वर्णन करण्यातच निम्मा वेळ घालवतात. परिस्थितीला दोन वाक्ये पुरेत. उरलेला वेळ तुम्ही नेमके कोणते शब्द वापरलेत, समोरच्याने काय म्हटले आणि त्यानंतर तुम्ही काय बदललेत यासाठी ठेवा. "आम्ही ठरवले, आम्ही कळवले" असे सतत म्हटल्यास तुमचा वाटा कळत नाही, म्हणून तिथे निःसंकोच "मी" म्हणावे. नोकरीचा अनुभव नसेल तर महाविद्यालयातील गटप्रकल्पाचा प्रसंगही चालतो.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, हे वाक्य पाठ करून येऊ नका. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील ज्या संशोधनातून हे आकडे आले, ते भावना आणि आवड-नावड कशी व्यक्त होते एवढ्यापुरतेच होते. सर्व संवादाला ते लागू पडत नाहीत.

मुलाखत सुरू असताना मंडळ तुमचा संवाद प्रत्यक्ष पाहतच असते. प्रश्न नीट कळला नसेल तर "आपल्याला वरिष्ठांशी झालेल्या मतभेदाबद्दल विचारायचे आहे का?" असे विचारून घ्यावे, आणि उत्तर मनात जुळवण्यासाठी काही क्षण थांबावे लागले तर थांबावे. अलीकडे एका उमेदवाराने दीड मिनिटात उत्तर संपवून विचारले, "आमची कामाची पद्धत आपल्याला माहीत नसेल, तर तो भाग थोडा उलगडून सांगू का?" आम्हाला ती पद्धत खरोखरच माहीत नव्हती, आणि आम्ही तिला सांगायला सांगितले.