शॉप फ्लोअरवर स्क्रीन लावताय? आधी तिसरी पाळी बघा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कामगारांसाठी सूचनांची स्क्रीन लावायची असेल, तर सुरुवात तिसऱ्या पाळीपासून करा. रात्री 11 ते सकाळी 7. आमची मागच्या वेळी नेमकी तीच राहिली.

ब्रॅकेट, वायरिंग व्हेंडर बघतो. घरगुती टीव्ही मात्र टांगू नका. तो चोवीस तास चालायला बनवलेला नसतो आणि त्याची वॉरंटीही बहुधा घरच्या वापरापुरतीच असते. वाळूची धूळ आत जाते, बंद पेटी करून घ्या. आवाजाचा उपयोग नाही, ग्राइंडिंग चालू असताना काय ऐकू येणार? अक्षर बघणाऱ्याच्या अंतराच्या दर दहा फुटांमागे निदान एक इंच, देवनागरीला वेलांट्या-मात्रांमुळे थोडं जास्तच. हिंदीही ठेवा, मोल्डिंगला यूपी-बिहारची पोरं असतात.

ऑफिसच्या पॅसेजमध्ये लावू नका. स्टाफ गेला की वॉचमन दिवे घालवतो, त्यातच स्क्रीन जाते आणि तिसऱ्या पाळीला नुसती काळी काच. हजेरीच्या पंचिंगजवळ लावा, तिथं माणूस तसाही थांबतो. बटण वेगळं काढा.

साहेबांचा संदेश आणि 'सुरक्षा प्रथम' एवढंच फिरवलंत तर चार दिवसांनी कुणी मान वर करणार नाही. पगाराची तारीख, सुट्ट्या, बसच्या वेळा द्या. कुणाच्या पगाराचा आकडा नको. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पाणीपातळी द्या: 40 फुटांला इशारा, 45 ला धोका. सगळे थांबून बघतात. आकडा पाटबंधारे खात्याचा, व्हॉट्सॲपवरचा नव्हे, आणि सोबत वेळ लिहाच. नदीकाठच्या सांगलीवाडीचा माणूस रात्री दोनला मशीनवर उभा आणि समोर दुपारी चारची पातळी, म्हणजे स्क्रीन नसलेली बरी. रात्री तो आकडा बदलणार कोण? नाव ठरवा. 'एचआर बघेल' म्हणू नका, एचआर तेव्हा घरी झोपलेली असते. रात्रीच्या सुपरवायझरला मोबाईलवरून बदलता आलं पाहिजे, पासवर्ड त्याच्याकडे पाहिजे.

लाईट जाऊन आल्यावर प्लेअर (स्क्रीनवर मजकूर फिरवणारा डबा) आपोआप चालू होतो का, मेन स्विच पाडून बघा. तेही रात्रीच. नेट गेलं तरी जुना मजकूर फिरत राहावा. नारळ वगैरे जमेल तसा. पहिल्या आठवड्यात एकदा तरी रात्री स्वतः जा, सकाळी फोटो मागवू नका.