अग्निवीरचं ग्राउंड काढायचंय ना, मग पळण्याइतकाच बीम धरा

सुट्टीवर गावी आलो की पहाटे साडेचारला रोडवर पंधरा-वीस पोरं पळताना दिसतात, बघून बरं वाटतं, पण सगळी नुसती पळतच असतात. शाळेमागं बीम आहे, म्हणजे लटकून पुलअप मारायची आडवी दांडी, त्याला कोण हात लावत नाही. माझं पण पहिल्या वेळेला असंच झालेलं. पहिल्या भरती रॅलीत मी 1600 मीटर 5:24 ला काढलं, पहिला ग्रुप, 60 मार्क, मला वाटलं झालं आपलं काम, आणि बीमखाली गेलो तर सहाव्यालाच हात सुटले. लिस्टमध्ये नाव आलं नाही. पुढच्या वेळी 5:29 ला आलो म्हणजे पाच सेकंद स्लोच, पण बीम पूर्ण दहा मारले आणि त्यावर भरती झालो. म्हणून यावेळी सुट्टीत पोरांना जे तोंडी सांगत होतो ते सगळं इथं टाइप करतोय, ज्याची रॅली दोन-चार महिन्यांवर आहे त्यानं नीट वाचा.

आधी मार्कांचा हिशोब डोक्यात बसवा. जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 100 मार्कांचं. 1.6 किमी 5:30 च्या आत आलात की 60 मार्क, 5:31 ते 5:45 मध्ये आलात की 48. 2025 च्या भरतीपासून आणखी दोन ग्रुप आलेत, 6:00 पर्यंत 36 आणि 6:15 पर्यंत 24. बीमला दहाला 40, नऊला 33, आठला 27, सातला 21 आणि सहाला 16, सहाच्या खाली फेल. नऊ फुटी खड्डा (उडी मारून ओलांडायचा) आणि झिगझॅग बॅलन्सला (वाकड्यातिकड्या अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) मार्क नाहीत, पण पास व्हावंच लागतं. आता बघा, एक पोरगा 5:25 ला आला आणि बीम सहा मारले तर त्याचे झाले 76. दुसरा 5:40 ला आला आणि बीम दहा मारले तर त्याचे 88. पंधरा सेकंद मागं राहून तो बारा मार्कांनी पुढं गेला. आणि खरं सांगू का, 5:40 वरून 5:25 ला यायला चांगला पळणारा पोरगा असला तरी दोन-दोन महिने घाम गाळावा लागतो, पण सहावरून दहा बीम नीट प्रॅक्टिस केली तर आठ-दहा आठवड्यांत होतात. मेरिट लागतं ते लेखी आणि ग्राउंड दोन्ही धरून. आमच्या वेळी आधी ग्राउंड आणि मग लेखी असायची, 2023 पासून उलटं झालंय, ऑनलाइन परीक्षा आधी आणि त्यातून शॉर्टलिस्ट झालेलीच पोरं ग्राउंडला. म्हणजे तुमच्या शेजारी पळणारा प्रत्येक जण अभ्यास करून आलेला असतो, तिथं एकेक मार्क महाग आहे.

आता बीम. घरी बीम नसेल तर मळ्यात दोन मजबूत खांबांवर दीड इंची जीआय पाईप घट्ट बांधा, पाय जमिनीला टेकणार नाहीत एवढा उंच. तळवे समोरच्या बाजूला, हात खांद्यापेक्षा थोडे रुंद. खाली आल्यावर हात पूर्ण सरळ झालाच पाहिजे आणि वर हनुवटी पाईपच्या वर गेलीच पाहिजे. अर्धा हात वाकवून आणि पाय झाडून मारलेले रॅलीत मोजत नाहीत, समोर उभा असलेला उस्ताद तोच आकडा परत म्हणतो, "पाच... पाच... पाच", आणि तुमची ताकद तिथंच संपते. त्यामुळं घरी पहिल्या दिवसापासून झोलवाले बीम मोजायचेच नाहीत, तीनच निघत असतील तर तीनच म्हणायचे.

ज्याला एकही निघत नाही त्यानं स्टुलावर चढून हनुवटी वर ठेवून लटकायचं आणि पाच-सहा सेकंद घेत हळूहळू खाली यायचं, असे पाच, दिवसाआड. सोबत नुसतं लटकणं, तीस सेकंदांपासून सुरू करून एक मिनिटापर्यंत. तीन आठवड्यांत पहिला बीम निघतो. ज्याला चार-पाच निघतात त्यानं रोज जीव जाईपर्यंत मारायचे नाहीत, ही चूक सगळेच करतात. चार निघतात ना, मग दोन-दोनचे सेट मारा, पण दिवसातून सात-आठ वेळा, सकाळी पळून आल्यावर, जनावरांना वैरण टाकायला गेला की, कॉलेजवरून आला की, झोपायच्या आधी. दिवसाला चौदा-सोळा झाले आणि हात कधीच मरत नाहीत. आठवड्यातून एकदाच, रविवारी, पूर्ण ताकद लावून किती निघतात ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. आठच्या पुढं गाडी अडकते, तेव्हा एक-दोन-तीन-चार-तीन-दोन-एक अशी शिडी मारायची, मध्ये थोडाच दम घ्यायचा. आणि तयारीला सुरुवात करताना वजन बघा, उंचीच्या मानानं पाच-सहा किलो जास्त असेल तर बीमला ते पाठीवर पोतं घेऊन मारल्यासारखं असतं. वजन उतरलं की दोन बीम आपोआप वाढतात. टारगेट दहाचं नका ठेवू, फ्रेश असताना तेरा-चौदा निघाले पाहिजेत, कारण रॅलीत बीम फ्रेश असताना नसतोच, छाती भात्यासारखी हलत असते तेव्हा असतो.

मी पहिल्या वेळी अडकलो ते इथंच. घरी मला संध्याकाळी आरामात नऊ निघायचे, पण 1600 पळून लगेच मारायची प्रॅक्टिस मी कधी केलीच नव्हती. म्हणून शेवटचे सहा आठवडे आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ग्राउंड मारायचं, त्याच क्रमानं. आधी 1600 टायमिंग लावून, मग पाच-दहा मिनिटं चालत दम घेऊन बीम, मग खड्डा, मग बॅलन्स. एकट्यानं नको, चार-पाच पोरं मिळून, एकानं घड्याळ धरायचं आणि बीम कडक मोजायचा.

पळण्याचं आता. 400 च्या ट्रॅकवर चार राउंड. 5:30 म्हणजे राउंडला साडेब्याऐंशी सेकंद. पण 5:30 ची तयारी करून 5:30 येत नाही, रॅलीत गर्दी असते, मोठ्या बॅचमध्ये एकदम सोडतात, सुरुवातीला धक्काबुक्की होते, बाहेरून काढून पळावं लागतं, म्हणून घरी 5:15 ते 5:20 आलं पाहिजे. पोरं मार खातात ती पहिल्या राउंडला. शिट्टी वाजली की सगळे कुत्रं मागं लागल्यासारखे सुटतात, सत्तर सेकंदात पहिला राउंड काढतात आणि तिसऱ्याला पाय शिसं होतात. आता हा पॅटर्न लक्षात ठेवा, पहिला 80, दुसरा 82, तिसरा 83 आणि शेवटचा 78, टोटल 5:23. पहिले पन्नास-साठ मीटर जोरात पळून गर्दीतून बाहेर यायचं आणि लगेच आपल्या स्पीडला बसायचं. तिसरा राउंड सगळ्यात वाईट असतो, तिथं मन म्हणतं सोड, तेव्हा पुढच्या एका पोराची पाठ धरायची आणि ती सोडायची नाही. लाईनवर दोरी घेऊन उभे असतात, टाइम झाला की दोरी आडवी, दोन पावलं मागं राहिला तरी तो त्या ग्रुपच्या बाहेर. म्हणून शेवटच्या दोनशे मीटरला काही शिल्लक ठेवायचं नाही.

आठवडा असा लावा. सोमवारी चार ते पाच किमी आरामात, इतक्या आरामात की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मंगळवारी 400 चे सहा राउंड, प्रत्येक 85 सेकंदात, मध्ये दोन मिनिटं चालणं, मग दर दोन आठवड्यांनी एकेक राउंड आणि थोडा स्पीड वाढवत आठ राउंड 80 सेकंदांपर्यंत यायचं. बुधवारी पळणं बंद, फक्त बीम, पुशअप, पोट. गुरुवारी 800 चे तीन, 2:45 पासून सुरू करून 2:38-2:40 पर्यंत, मध्ये चार मिनिटं. शुक्रवारी परत हलकं. शनिवारी चढ असेल तर चढावर शंभर-शंभर मीटरचे आठ-दहा, खाली येताना चालत, आमच्या सातारा-कोल्हापूरकडं चढ शोधायला लागत नाही, मराठवाड्यातल्या सपाट गावातली पोरं तलावाच्या बांधावर करतात ते पण चालतं. रविवारी पूर्ण आराम, फक्त बीमची टेस्ट. शेवटचे सहा आठवडे सोडले तर 1600 ची टायमिंग दर पंधरा दिवसांनी एकदाच घ्यायची, रोज घेऊ नका, रोज टायमिंग घेणारा पोरगा महिन्याभरात नडगी धरून बसतो. आणि शेवटच्या सहा आठवड्यांत ज्या दिवशी पूर्ण ग्राउंड मारणार त्या दिवसाचं बाकीचं पळणं काढून टाकायचं.

नडगीचं आलं म्हणून सांगतो. डांबरी रोडवर रोज पळू नका, माळरान किंवा शाळेचं मातीचं ग्राउंड बघा. नडगीच्या आतल्या बाजूला दाबलं की दुखायला लागलं तर आठवडाभर पळणं थांबवा, सायकल मारा, विहिरीत पोहा, बीम चालू ठेवा, पण "पळून पळून जाईल" असं म्हणू नका. हाडाला बारीक चीर गेली तर दोन-तीन महिने घरात, आणि रॅली तेवढ्यात निघून जाते. नवीन बूट घेतले तर किमान तीन आठवडे आधी घ्या, रॅलीच्या दिवशी कोरे बूट घालून फोड आलेली पोरं मी बघितलीत.

खड्डा आणि बॅलन्सला पोरं हसतात आणि तिथंच एखाद-दुसरा चांगला पोरगा जातो. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटरला थोडं कमी. शेतात चुन्यानं लाईन मारून अकरा फुटांची प्रॅक्टिस करा, मग नऊ कधी चुकत नाही. आपला उडीचा पाय कुठला ते ठरवा आणि पंधरा पावलांचा रनअप फिक्स करा, म्हणजे काठावर आल्यावर पाय बदलायला लागत नाही. बॅलन्सला पायाकडं बघायचं नाही, दोन-तीन फूट पुढं बघायचं, हात बाजूला, आणि वळणाला घाई करायची नाही. विटा लावून त्यावर फळी टाकली की घरीच प्रॅक्टिस होते.

खायचं म्हणाल तर डब्यातल्या पावडरीसाठी घरच्यांना खर्चात घालू नका. भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, दूध, चालत असेल तर रोज दोन-तीन अंडी, एवढ्यावर पोरं भरती झालीत आणि होतात. झोप मात्र सात-आठ तास, मोबाईल लांब ठेवून. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, ग्राउंडच्या आधी कोणी इंजेक्शन किंवा गोळी देतो म्हणाला, "दम लागत नाही" म्हणाला, तर घेऊ नका. हृदयावर लोड येऊन पळता पळता पडण्याची वेळ येते, आणि सापडलात तर भरतीतून बाहेर. पैसे घेऊन भरती करतो म्हणणाऱ्याचं पण तेच, सैन्यभरतीला पैसे लागत नाहीत.

रॅलीचं रिपोर्टिंग बऱ्याचदा मध्यरात्री असतं आणि पळायला अंधारात, पहाटे लावतात. पोरं आदल्या दिवशी एसटीनं येतात, स्टँडवर नाहीतर फुटपाथवर बसून रात्र काढतात आणि उपाशी पळतात. जमलं तर एक दिवस आधी पोचा, कुणी पाहुणा असेल तर त्याच्याकडं दुपारीच झोप काढा. आणि शेवटच्या दोन आठवड्यांत एक-दोन वेळा मुद्दाम रात्री दोनला उठून तीनला 1600 पळून बघा, शरीराला कळलं पाहिजे ही वेळ काय असते. पळायच्या दोन-अडीच तास आधी दोन केळी आणि थोडं पाणी, बस. वडापाव नको. शेवटच्या आठवड्यात निम्मंच पळायचं आणि शेवटचे दोन दिवस बीम पण बंद.

पळून पास झालात की माप. महाराष्ट्रातल्या पोरांना जीडीला उंची 168 सेमी, छाती 77 आणि फुगवून पाच सेमी वाढली पाहिजे. छाती फुगवायची पण प्रॅक्टिस लागते, आरशासमोर टेप घेऊन रोज दहा वेळा, खांदे न उचलता. मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, घरी काडी घालू नका. दात साफ करून घ्या. टॅटू असेल तर नोटिफिकेशनमधला नियम आत्ताच वाचा, नसेल तर काढू नका.

मुलींसाठी मिलिटरी पोलीसची भरती असते, त्यांना 1.6 किमी 7:30 ला पहिला ग्रुप आणि 8:00 पर्यंत दुसरा, सोबत दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. पळण्याचा वरचाच आठवडा चालेल, फक्त राउंड 112 सेकंदांचा धरून टायमिंग लावा, आणि बीमच्या जागी उडीला वेळ द्या.

बीमखाली नंबर आला की मातीत हात घासून घाम पुसा, पँटला पुसा, आणि चढायच्या आधी दोन लांब श्वास घ्या. पहिले पाच पटापट मारा, सहाव्याला वर न थांबता खाली येऊन एक श्वास, मग एकेक. नववा झाला की खाली उतरायचा विचार डोक्यात येतोच, हात सोडू नका, लटकून रहा, दोन सेकंद घ्या आणि दहावा काढा, त्या एकाचे सात मार्क आहेत.