किल्ला, सरोवर आणि व्हिस्की: स्कॉटलंडच्या एकदिवसीय सहलीची तयारी

एडिंबराहून सकाळी निघायचं, स्टर्लिंगचा किल्ला बघायचा, लॉख लोमंड या सरोवराच्या काठी पाय मोकळे करायचे, एखाद्या डिस्टिलरीत व्हिस्की चाखायची आणि जेवायच्या वेळेला परत, अशी सहल तिथल्या बऱ्याच कंपन्या चालवतात. जाहिरातीत तिन्ही गोष्टींचे फोटो सारख्याच आकाराचे असतात. घड्याळात तसं नसतं. किल्ल्याला साधारण दोन तास मिळतात, डिस्टिलरीला तास-सव्वा तास, सरोवराला उरेल तेवढं, आणि बाकीचा दिवस गाडीत जातो. त्यामुळे बॅग भरण्यापेक्षा काय बघायचं सोडून द्यायचं हे आदल्या रात्री ठरवणं जास्त महत्त्वाचं.

बुकिंग करताना आधी गाडीचा आकार बघा. सोळा सीटांची मिनीबस अरुंद रस्त्यांवर शिरते, ड्रायव्हरच गाइड असतो आणि सगळे चढायला दोन मिनिटं लागतात. मोठ्या कोचमध्ये प्रत्येक थांब्याची बरीच मिनिटं नुसत्या चढण्या-उतरण्यात जातात. मग तिकिटात काय काय धरलंय ते वाचा. किल्ल्याचं आणि डिस्टिलरीचं प्रवेशशुल्क बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि किल्ल्याचं तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर दारावरच्यापेक्षा स्वस्त पडतं. लहान मुलं असतील तर फोन करून विचाराच: अनेक मिनीबसवाले पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि काही डिस्टिलरी आठ वर्षांखालच्यांना यंत्रांपाशी सोडत नाहीत. चाखायला वय अठरा पूर्ण लागतं. चेहरा कोवळा असेल तर पुरावा मागतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. (महाराष्ट्रात कायद्याने व्हिस्कीला पंचवीस पूर्ण लागतात, शिवाय परवाना. इथे मात्र विशीतल्या पोराच्या हातात बापाच्या शेजारी बसून ग्लास येतो. आईवडिलांनी ते गाडीत बसण्याआधीच पचवून ठेवावं.) आणि शेंगेन व्हिसावर युरोप फिरणाऱ्यांनो, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

महिना कोणता यावर थांब्यांचा क्रम तपासा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, काहीही आधी-नंतर केलं तरी चालतं. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारासच मावळतो. तेव्हा सरोवर दुपारी तीननंतर ठेवलेली सहल घेतलीत तर पाणी सोडा, काठसुद्धा नीट दिसायचा नाही. हिवाळ्यात सरोवर दुपारच्या आत आणि डिस्टिलरी शेवटी, असाच क्रम असलेली सहल शोधा. डिस्टिलरीला अंधाराचं काही वाटत नाही. ऑगस्टमध्ये डोंगरांवर हेदरची जांभळी फुलं असतात, आणि तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ थर घाला आणि वरून टोपीचं, पाणी आत न येणारं जर्किन. छत्री हॉटेलात ठेवा, स्टर्लिंगच्या तटावर वारा तिला उलटी करतो. बुटांचे तळ खरबरीत हवेत, कारण किल्ल्यातली दगडी फरसबंदी ओली झाली की घसरते. साडी किंवा लांब ड्रेस नेसून फोटो काढायचे असतील तर जरूर नेसा, पण खाली बूटच. मे ते सप्टेंबर या काळात पाण्याकाठी मिज नावाची बारीक चिलटं थव्याने चावतात. वारा असला तर ती नसतात. वारा पडला की अंगाला लावायचं मलम हाताशी हवं. उंच गवतात शिरायचं असेल तर पायमोजे पँटवर ओढा, तिथे गोचिडी असतात.

किल्ल्यासाठी मात्र आदल्या रात्री अर्धा तास अभ्यास कराच. मराठी माणसाला गड नवे नाहीत, पण स्टर्लिंगला काय बघायचं ते माहीत नसेल तर दोन तास तोफांबरोबर फोटो काढण्यात जातात. आधी नकाशा उघडा. पूर्वी फोर्थ नदीवरचा समुद्राच्या बाजूचा शेवटचा पूल इथे होता. पश्चिमेला मैलोन्‌मैल दलदल, पूर्वेला नदी रुंद होत समुद्राला मिळणारी. उत्तरेत सैन्य न्यायचं तर या कातळाखालूनच जावं लागे. ११ सप्टेंबर १२९७ रोजी विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे या स्कॉट सेनानींनी इंग्रज सैन्याला इथल्या अरुंद लाकडी पुलावर येऊ दिलं, आणि काही भाग उत्तर काठावर उतरल्यावर पुलाचं तोंड दाबून त्यांना कापून काढलं. उंबरखिंडीत १६६१ मध्ये कारतलबखानाची काय गत झाली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही लढाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे १३१४ च्या जूनमध्ये इंग्रजांच्या ताब्यातल्या याच किल्ल्याला स्कॉट वेढ्यातून सोडवायला इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड आला आणि जवळच्याच बॅनकबर्नला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूसने त्याचा पराभव केला. ब्रूसने नंतर किल्ला पाडून टाकला, पुन्हा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. त्यामुळे आज उभं आहे ते मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकातलं राजघराण्याचं राहतं घर आहे, लढाऊ गडाचं रूप त्यात कमी.

म्हणून आत शिरल्यावर तटाकडे धावू नका. आधी स्कॉटलंडच्या राजाच्या, पाचव्या जेम्सच्या, महालातल्या खोल्या बघा, कारण गर्दी तिथे सगळ्यात लवकर होते. छताला आतून लावलेली ओकच्या लाकडातली कोरीव मुंडकी रंगीत प्रतिकृती आहेत. सोळाव्या शतकातली मूळ मुंडकी किल्ल्यातच वेगळ्या दालनात ठेवली आहेत, आणि माझ्या मते तीच जास्त बघण्यासारखी. मग चौथ्या जेम्सचा ग्रेट हॉल. बाहेरून त्याला पिवळसर सोनेरी चुना दिलाय, जुना मूळ रंग असाच होता म्हणून. बाकी करड्या दगडांत तो इतका उठून दिसतो की काही जणांना अजून खटकतो. मला आवडतो. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा राज्याभिषेक याच किल्ल्यात ९ सप्टेंबर १५४३ ला झाला, ती तेव्हा नऊ महिन्यांची होती. वेळ उरला तर आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचं संग्रहालय बघा, त्याला वेगळं तिकीट नाही. हिच्याच पूर्वीच्या ९३ व्या पलटणीने १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौला सिकंदरबाग घेतली. तिथली पदकं बघताना आपल्या मनात दुसरी बाजूही येते, आणि गाइड ती सांगेलच असं नाही. तट शेवटची पंधरा मिनिटं. तिथून समोरच्या टेकडीवर वॉलेसचा मनोरा दिसतो. तो १८६९ चा, आत २४६ पायऱ्या. दिवसभराच्या सहलीत तो चढायचा हट्ट धरू नका.

सरोवराकाठी थांबा बहुधा बालमाहा किंवा लस या गावी असतो. लॉख लोमंड पाण्याच्या क्षेत्रफळाने ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं सरोवर, आणि २००२ मध्ये स्कॉटलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथे झालं. बालमाहाला थांबणार असाल तर काठावर आइस्क्रीम खात बसण्याऐवजी क्रेगी फोर्ट नावाच्या छोट्या टेकाडावर चढा, थोडीच चढण आहे. वरून बेटं एका रेषेत दिसतात. हायलँड (डोंगराळ उत्तर) आणि लोलँड (सखल दक्षिण) यांना वेगळं करणारा भूस्तराचा भंग तिथूनच जातो आणि ती बेटं त्याच रेषेवर उभी आहेत. शेजारचा कॉनिक हिल जास्त सुंदर, पण त्याला दोन तास हवेत. तो सोडायच्या यादीत टाका. झिपऱ्या हायलँड गाई दिसल्या तर लांबून बघा, हातातली पोळी भरवायला जाऊ नका.

अॅबरफॉइल ते कॅलेंडर हा ड्यूक्स पास नावाचा घाट वळणावळणाचा आहे. गाडी लागत असेल तर पुढची सीट आधीच सांगून ठेवा. आपल्याकडची अॅव्होमिनची गोळी खाऊन बसलात तर त्या दिवशी व्हिस्की नको, दोन्ही मिळून भयंकर गुंगी येते. साखरेची, झोपेची किंवा इतर नेहमीची औषधं चालू असणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

रिकाम्या पोटी डिस्टिलरीत शिरायचं नाही, एवढा एकच नियम जेवणाचा. शाकाहारी असाल तर मसुराचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं, पण ते कशाच्या पाण्यात शिजवलंय हे विचारा, हॅमचा रस्सा वापरायची तिथे जुनी पद्धत आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या बरोबर असल्या की जीव निश्चिंत. लसणाची चटणी मात्र संध्याकाळी हॉटेलात उघडा, पुढच्या कामाला नाक आणि जीभ स्वच्छ लागते. त्याच कारणाने सकाळी अत्तर-परफ्यूम नको.

स्टर्लिंगजवळची डीनस्टन ही डिस्टिलरी या वाटेवर असते, ती मिळाली तर घ्या. टीथ नदीकाठी १७८५ मध्ये उभी राहिलेली ही कापसाची गिरणी. १९६५ मध्ये गिरणी बंद पडली आणि पुढे तिथेच व्हिस्की गाळायला सुरुवात झाली. नदीच्या पाण्यावर आजही तिथली वीज तयार होते. सूत तुटू नये म्हणून विणकामाला जी थंड, दमट हवा लागायची ती धरून ठेवणाऱ्या कमानदार छताच्या शेडमध्ये आता पिंपं मुरत पडली आहेत. परळ-लालबागच्या गिरण्यांचं पुढे काय झालं हे पाहिलेल्या माणसाला या शेडमध्ये थोडा वेळ जास्त लागतो. दुसरा पर्याय ग्लेनगॉइन, १८३३ ची, हायलँड-लोलँडच्या सीमेवर: भट्टी रस्त्याच्या हायलँड बाजूला, गोदामं लोलँड बाजूला. दोन्हीकडच्या नेहमीच्या व्हिस्कीला धुराचा वास नाही, कारण बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवत नाहीत. धूर आवडणाऱ्यांनी तो इथे शोधू नये, आयला बेटाची वेगळी सहल करावी.

आत गेल्यावर काय बघायचं ते क्रमाने डोक्यात असू द्या: दळलेला माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) गरम पाण्यात, मग यीस्ट घालून मोठ्या टाक्यांत आंबवण, मग तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन. पहिली आणि शेवटची धार बाजूला काढतात, मधली ठेवतात. गावाकडे हातभट्टी किंवा गोव्याला फेणी गाळताना पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. फरक पिंपात आहे. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं स्कॉटलंडमध्येच मुरल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही, आणि दरवर्षी सुमारे दोन टक्के उडून जाते. गाइडला विचारायला चांगला प्रश्न: गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट बनते, तिथल्या उकाड्यात याहून कितीतरी जास्त उडते आणि मुरतेही लवकर, मग बाटलीवरच्या वर्षांचा अर्थ दोन्हीकडे सारखा कसा? यावर बहुतेक गाइड खुलतात. भट्टीपाशी अल्कोहोलची वाफ असते. मोबाइल बंद करायला सांगितलं तर वाद घालू नका.

चाखताना सोडा, बर्फ आणि चखणा मागायची घाई नको. आपला स्मॉल ३० मिलीचा, त्यांचं माप २५ चं, आणि चाखायला बहुधा त्याहून कमी देतात. तेवढ्यात अर्धा वेळ वासच घ्यायचा असतो. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, एक घोट तसाच, मग पाण्याचे थेंब टाकून दुसरा. डीनस्टन ४६.३ टक्के अल्कोहोलवर भरतात आणि थंड करून गाळत नाहीत, त्यामुळे पाणी टाकल्यावर थोडी गढूळ दिसली तर ती बिघडलेली नाही. नको असेल ते ओतून द्यायला भांडं मागता येतं. न पिणाऱ्यांनी बाहेर गाडीत बसायचं कारण नाही. आंबवणाच्या टाकीवर नाक नेणं हाच अर्धा कार्यक्रम आहे, आणि अनेक ठिकाणी वाटणीची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून मिळते, आधी विचारा. स्वतः गाडी चालवून जायचा विचार असेल तर सोडून द्या. स्कॉटलंडची मर्यादा २०१४ च्या डिसेंबरपासून १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक.

विकत घ्यायची तर मुंबई-पुण्यात मिळणारी बाटली तिथून ओढत आणू नका, फक्त त्या डिस्टिलरीतच मिळणारी घ्या. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही. बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा सुट्ट्या म्हणून हातात आल्या तर तिथेच खर्चून टाका, भारतात बदलून घेताना त्रास होतो.

त्या संध्याकाळी लंडनच्या गाडीचं तिकीट काढू नका, परतीच्या वाटेवर ट्रॅफिक लागतोच. आणि डिस्टिलरीत घ्यायची राहिलेली बाटली एडिंबराच्या दुकानातून घ्यायची असेल तर रात्री दहाच्या आत जा. त्यानंतर दुकानांत दारू विकत नाहीत.