गाण्या-वाजवण्याचे प्रोग्राम चालू ठेवून एमए, एमएस्सी कसं पूर्ण करायचं

तबला, पेटी, कीबोर्ड, साइड ऱ्हिदम वाजवून किंवा गाऊन जे महिन्याचा खर्च काढतात आणि सोबत पोस्ट ग्रॅज्युएशन करायचंय म्हणतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्यातल्या साथीदाराचं, म्हणजे गायकाला साथ करणाऱ्या वादकाचं, वर्ष डोळ्यासमोर ठेवलंय कारण ते मला आतून माहितीये, पण सांगली, नागपूर, ठाणे कुठेही थोड्याफार फरकाने हेच आहे.

या विषयावर कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं की रोजचं टाइमटेबल कर. नोकरीवाल्यांना ते जमतं, आपल्याला नाही, कारण आपलं काम रोज सारखं नसतंच, ते सीझनने येतं. गणपतीत जेवायला फुरसत नसते आणि लगेच पितृपक्ष लागला की पंधरा दिवस फोन वाजत नाही. युनिव्हर्सिटीचंही तेच, इंटर्नल आणि सबमिशनचे आठवडे अंगावर येतात आणि बाकीचे दिवस बरेच मोकळे जातात. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, दिवसाचा तोल साधायला जाऊ नका, अख्ख्या वर्षाचा साधा.

१. आधी कालनिर्णय आणि युनिव्हर्सिटीचं कॅलेंडर शेजारी ठेवा

हे अॅडमिशन घेतल्या घेतल्या करायचं. एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि आधी आपला सीझन भरा. आषाढी एकादशीच्या आसपास अभंगांचे प्रोग्राम, गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचा सीझन, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत गावोगावचे महोत्सव, मग पाडवा पहाट, रामनवमी, जत्रा, आणि मे महिन्यात परत लग्नं. आता दुसऱ्या रंगाने युनिव्हर्सिटीच्या तारखा भरा.

यात एक गोष्ट हमखास सुटते ती म्हणजे अधिक मास. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले होते, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ते १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे एका वर्षी ज्या दहा दिवसात कॉलेज नुकतंच सुरू होऊन निवांत होतं तेच दहा दिवस पुढच्या वर्षी इंटर्नलच्या तोंडावर येऊ शकतात आणि दिवाळी पहाट सेमिस्टर परीक्षेला जाऊन चिकटू शकते. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अंदाजाने तारखा देऊ नका, दर वर्षी नवीन कागद.

आणि मोकळ्या जागांवर आधी हक्क सांगा. पितृपक्ष हा आपल्यासाठी अभ्यासाचा सोन्यासारखा काळ आहे, पहिल्या सेमिस्टरचं अर्धं लेखन तिथे उरकता येतं. तसंच चातुर्मासात लग्नं जवळपास नसतात, तेव्हा सणांच्या मधले जे आठवडे मिळतात ते कागदावर अभ्यास म्हणून लिहूनच टाका.

२. कोर्स निवडताना हजेरीचा नियम विचारा

विषय आवडीचा घ्या, त्यात तडजोड नको, पण तोच विषय कुठे आणि कसा शिकायचा यात पर्याय असतात. नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांचं पोस्ट ग्रॅज्युएशन साधारण ८८ क्रेडिटचं झालंय, सेमिस्टरला २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्गात, प्रॅक्टिकलचं ३० तास. त्यामुळे लॅब असलेला एमएस्सी आणि थिअरीचा एमए यात आठवड्याच्या तासांचा फार मोठा फरक पडतो. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते, ती विषयवार मोजतात की एकत्र, आणि लेक्चर सकाळी असतात की दुपारी हे ऑफिसात जाऊन विचारा, शक्य झालं तर सध्या शिकणाऱ्या पोरांनाच विचारा कारण खरं तेच सांगतात. लेक्चर सकाळी साडेसातला असतील तर आदल्या रात्रीचा मुंबईचा प्रोग्राम संपवून दोन वाजता घरी आलेला माणूस तिथे किती दिवस पोचेल याचा विचार अॅडमिशनच्या आधी व्हायला हवा.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू हा चांगला रस्ता आहे, आणि यूजीसीची मान्यता असेल तर ती डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरतात. फक्त त्यांची संपर्क सत्रं बऱ्याचदा शनिवार-रविवारी असतात आणि आपले प्रोग्रामही तेव्हाच, तर तेही कागदावर मांडून बघा.

३. डिपार्टमेंटमध्ये पहिल्या पंधरा दिवसातच बोला

प्रोग्रामच्या आदल्या दिवशी सुट्टी मागायला गेलं की मास्तरांना वाटतं याचं लक्षच नाही. त्याऐवजी सेमिस्टर सुरू होताना एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटा, मी साथ करतो, घर त्यावर चालतं, या या तारखा आधीच ठरलेल्या आहेत असं सांगून यादी द्या, आणि चुकलेलं काम कधी भरून देणार तेही त्याच कागदावर लिहा. हजेरीचा नियम मोडा असं म्हणायचं नाही, असाइनमेंट किंवा प्रेझेंटेशनची तारीख आठवडाभर अलीकडे मागायची. अलीकडे बरं का, पलीकडे नाही. उशिरा देतो म्हणणारे खूप असतात, लवकर देतो म्हणणाऱ्याचं सर-मॅडम सहसा ऐकतात.

४. तारखा देताना पूर्ण हिशोब करा

मानधन किती एवढंच बघून हो म्हणू नका. प्रोग्राम दोन तासांचा असला तरी त्याच्या आधी रिहर्सल, प्रवास, साउंडचेक, आणि दुसऱ्या दिवशीची बुडालेली सकाळ हे सगळं त्यात आहे. गावातला दोन हजारांचा प्रोग्राम बऱ्याचदा बाहेरगावच्या पाच हजारांपेक्षा जास्त परवडतो. उघड्यावरचे प्रोग्राम, सूट दिलेले ठराविक दिवस सोडले तर, लाउडस्पीकरच्या नियमामुळे रात्री दहाला संपतात, म्हणजे शहरातल्या शहरात असेल तर अकरा-साडेअकराला झोपता येतं. दिवाळी पहाट याच्या उलट, सहाचा प्रोग्राम म्हणजे साउंडचेक चारला, त्या दिवशी अभ्यास होणार नाही हे धरूनच चाला.

परीक्षेच्या तीन आठवड्यात नवीन माणसाची तारीख घ्यायची नाही, फक्त ज्यांच्याकडे आपण कायम वाजवतो त्यांचीच घ्यायची. आणि आपल्या तोडीचे निदान दोन बदली वादक तयार ठेवा. गायकाला आपणच आधी फोन करून सांगायचं की या तारखेला मी नाही, हा येईल, याला तुमच्या बंदिशी आणि पट्टी (कुठल्या स्वरात गाता ते) माहितीये, आणि मानधन सगळंच्या सगळं त्याला द्यायचं. बदलीत पैसे कापणारा माणूस फार दिवस टिकत नाही आणि त्याच्या अडचणीला मग कोणी धावतही नाही. एकदा दिलेली तारीख मोठा प्रोग्राम आला म्हणून फिरवायची नाही, हे तर डिग्री असो नसो पाळायलाच हवं.

५. रियाज कमी करा, बंद नको

इथे लोक सगळ्यात जास्त मार खातात. परीक्षा आली की रियाज थांबतो, प्रोग्राम चालू असतात म्हणून हात चालतोय असं वाटतं, पण प्रोग्राममध्ये आपण तेच तेच ठेके वाजवत असतो, सफाई हळूहळू जाते. गर्दीच्या महिन्यात दीड-दोन तासांचा हट्ट सोडा, अर्धा-पाऊण तास पण रोज, लेहरा (तालासाठी फिरत राहणारी धून) लावून, एकच कायदा किंवा रेला, म्हणजे तबल्यातली बांधलेली रचना, विलंबित लयीत स्वच्छ वाजवायचा, तिरकिट धिरधिर हे बोल हातातून सुटले नाही पाहिजेत. गाणाऱ्यांनी खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, सोडू नये. नवीन चीजा, गुरुजींची मोठी तालीम हे सुट्टीत, आणि गुरुजींना हे आधीच मोकळेपणाने सांगून ठेवा, न सांगता गायब झालेला शिष्य त्यांना जास्त लागतो.

६. मधल्या वेळेला योग्य काम द्या

साउंडचेक आणि पडदा उघडणं यात दोन-दोन तास जातात. ग्रीनरूममध्ये वाचन होतं, लेखन होत नाही, सारखं कोणीतरी बोलायला येतं. म्हणून वाचायचे पेपर प्रिंट काढून तबल्याच्या बॅगेत कायम ठेवा आणि लेखन सकाळी घरी, फोन बंद करून. प्रोग्रामनंतर परतीच्या गाडीत हेडफोनवर लेक्चर ऐकायचा मोह टाळा, तीन तास स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरसमोर बसलेल्या कानाला तेव्हा शांतता हवी असते, आणि कान हीच आपली पुंजी आहे.

७. डिझर्टेशन (प्रोजेक्ट, प्रबंध) आपल्या कामाच्या जवळ आणा

नवीन रचनेत पहिल्या वर्षी ४ क्रेडिटची ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) किंवा फील्ड प्रोजेक्ट आणि दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट असतो. इथे डोकं लावलं तर दोन्ही आयुष्यं एकमेकांना मदत करतात. समाजशास्त्रवाल्याने भजनी मंडळांवर काम करावं, कॉमर्सवाल्याने साथीदारांच्या सीझनल उत्पन्नावर, कॉम्प्युटरवाल्याने ताल ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर. फिजिक्सवाल्यांसाठी तर सी. व्ही. रामन यांनीच वाट घालून दिलीये, तबला-मृदंगाच्या पुडीवरच्या (चामड्यावरच्या) शाईमुळे स्वर कसे सुरेल संबंधात येतात यावर त्यांनी १९२० मध्ये पेपर छापला होता. गाइडला असा विषय पटवायला सोपा जातो कारण माहिती गोळा करायला तुम्ही आधीच त्या जागी असता.

आणि हे होत नाही असं कोणी म्हणालं तर गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी मायक्रोबायॉलॉजीत मास्टर्स आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातून बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केलीये, गायिका प्रभा अत्रे सायन्स आणि लॉ दोन्ही शिकल्या होत्या. तालीम सोडून नाही, तालमीसकट.

८. पैसे

सीझनचे पैसे सीझनमध्ये संपवू नका. गणपती ते दिवाळीत जे येतं त्यातून आधी पुढच्या सेमिस्टरची फी बाजूला, मग पितृपक्ष, आषाढी सोडून जून-जुलै अशा कोरड्या दिवसांचा खर्च. फी हप्त्यात भरता येते का ते विचारा. कंपन्या आणि मोठे आयोजक टीडीएस कापून पैसे देतात, उत्पन्न करपात्र नसेल तरी रिटर्न भरा म्हणजे ते परत मिळतात, शिकत असताना ती रक्कम लहान नसते.

९. एक वर्ष झाल्यावर थांबून बघा

पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट पूर्ण झाले की पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, आणि क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, पुढे परत येऊन दुसरं वर्ष करता येतं. मोठा दौरा आला, घरी आजारपण आलं, हात दुखावला, तर नापास होत ओढत राहण्यापेक्षा हा रस्ता घ्या. पण तो घ्यायच्या आधी परत येण्याची मुदत किती आणि फी नव्याने किती लागेल हे युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या, आणि एबीसी आयडी अॅडमिशनच्या वेळीच काढून त्यात क्रेडिट खरोखर चढलेत का ते दर सेमिस्टरला तपासा.