लॅटिनमधलं ‘फेरो’: या चुका टाळा

लॅटिन शिकायला घेतलं की ‘फेरो’ हे क्रियापद लवकरच गाठ घालतं. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ दिसतो ‘वाहून नेणे’. तो वहीत उतरवला, पाठ केला, की तिथून गोंधळ सुरू होतो. हे क्रियापद एकट्याने फारसं काही सांगत नाही. कर्ता कोण, कर्म काय, सोबतीला कुठलं क्रियाविशेषण आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावायचाच नाही. काही चुका मात्र निव्वळ रूपांच्या असतात. त्या आधी उरकून घेऊ.

‘तुली’चं मूळ न सापडणे

मुख्य रूपं अशी: फेरो, फेर्रे, तुली, लातुम. वाक्यात ‘तुलित’ आलं की विद्यार्थी ‘तुलो’ नावाचं क्रियापद शोधत बसतात. तसलं काही नाही, तो फेरोचाच भूतकाळ आहे. मराठी माणसाने तरी याला वैतागू नये. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि लगेच ‘गेलो’ म्हणतो. एक संस्कृत ‘या’ धातूचा, दुसरा ‘गम्’चा, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. इथेही दोन जुने धातू एकत्र नांदतात. फेरो म्हणजे आपला ‘भृ’: भरति, भार, भर्ता. शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ होतो, म्हणून भ्राता तिकडे ‘फ्रातेर’. तुली आणि लातुम मात्र ‘तुला’, ‘तोलणे’ यांच्या घराण्यातले. ऑफिसातली ‘ट्रान्सफर’ आणि पुस्तकाचं ‘ट्रान्सलेशन’ ही याच एका क्रियापदाची दोन टोकं आहेत, एवढं ध्यानात ठेवलं तरी फेरो–लातुम ही जोडी विसरत नाही.

मधला स्वर घुसवणे

‘फेरिस’, ‘फेरित’ असं लिहू नका. रूपं आहेत फेर्स, फेर्त, फेर्तिस. संस्कृत शिकलेल्यांना ‘अद्’ धातूचं ‘अत्ति’ आठवेल, विकरण (धातू आणि प्रत्यय यांच्या मधला जोड) न लावता प्रत्यय थेट धातूला. पण ‘फेरिमुस’ आणि ‘फेरुंत’ यांत स्वर राहतो, तो काढू नका. आज्ञार्थ नुसता ‘फेर्’. दीको, दूको, फकिओ आणि फेरो ही चार क्रियापदं आज्ञार्थात शेवटचा स्वर टाकतात. ‘फेरे’ लिहिलंत तर तो ‘जवळजवळ’ अशा अर्थाचा वेगळाच शब्द होतो.

सारखे दिसणारे शब्द

‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड किंवा तलवार. म्हणून ‘फेर्री’ दिसलं की थांबा: ते ‘नेलं जाणे’ही असू शकतं आणि ‘लोखंडाचा’ही. ‘फेरुंत’ म्हणजे नेतात, ‘फेरिउंत’ म्हणजे मारतात. एक ‘इ’ वाचायची राहिली की लढाईचं वर्णन मालवाहतुकीचं होऊन जातं. ‘लातुस’ हे ‘नेलेला’ आणि ‘रुंद’ दोन्ही आहे, तर ‘बाजू, कूस’ या अर्थाचा शब्द ‘लतुस’. इथे देवनागरीत टिपणं काढणाऱ्याचं फावतं, कारण ‘अ’ आणि ‘आ’ आपोआप वेगळे पडतात. ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ला मात्र आपल्याकडे सोय नाही, तो खड्डा पुढे येतोच.

‘फेरा’ म्हणजे जंगली श्वापद. त्यामुळे झाडांच्या शास्त्रीय नावांतला ‘-फेरा’ काही जण ‘रानटी’ असा लावतात. आंब्याचं नाव मँजिफेरा इंडिका आणि नारळाचं कोकोस न्युसिफेरा. दोन्ही नावं वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 साली छापली. यांत रान कुठेच नाही: आंबे धरणारं, कठीण कवचाची फळं धरणारं, इतकाच अर्थ. शेवगा मोरिंगा ओलिफेरा, म्हणजे तेल धरणारा. बेन तेल त्याच्याच बियांचं.

सगळीकडे ‘वाहून नेणे’ लावणे

ही खरी चूक, आणि ती कितीही वर्षं लॅटिन वाचलं तरी होते. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्यातल्या दुसऱ्या सर्गातली ओळ घ्या: ‘तिमेओ दानाओस एत दोना फेरेंतीस’. ग्रीकांनी मागे ठेवलेल्या लाकडी घोड्याबद्दल ट्रॉयचा पुरोहित लाओकून आपल्या लोकांना हे बजावतोय. इथे फेरो म्हणजे ‘घेऊन येणे’. पण विद्यार्थी ‘एत’ला ‘आणि’ करून ‘मी ग्रीकांना आणि भेटी आणणाऱ्यांना भितो’ असं लिहितात, म्हणजे भीती वाटायला दोन वेगळी टोळकी तयार होतात. ‘एत’ इथे ‘सुद्धा’ आहे: ‘ग्रीक भेटी घेऊन आले तरी मला त्यांची भीती वाटते.’

त्याच कवीच्या नवव्या गोपकाव्यात म्हातारा मोएरिस म्हणतो, ‘ओम्निया फेर्त आएतास, अनिमुम क्वोक्वे’. लहानपणी पाठ असलेली गाणी आता त्याला आठवत नाहीत. वय सगळं वाहून आणतं? उलट! वय सगळं हिरावून नेतं, स्मरणसुद्धा. एकच ‘फेर्त’, पण दिशा ठरवायची ती संदर्भाने.

असंच बाकीचं. जमीन धान्य ‘फेर्त’ म्हणजे पिकवते. रस्ता कुठेतरी ‘फेर्त’ म्हणजे जातो. ‘आएग्रे फेर्रे’ किंवा ‘ग्रविटेर फेर्रे’ म्हणजे एखादी गोष्ट मनाला लावून घेणे. तिथे ‘कष्टाने वाहिलं’ असं भाषांतर वाचलं की हसू येतं. ‘लेगेम फेर्रे’ म्हणजे कायदा लोकसभेपुढे (रोमन लोकांच्या सभेपुढे, दिल्लीतल्या नव्हे) मांडणे. मंजूर करून घेणे वेगळं, त्याला ‘पेर्फेर्रे’ म्हणतात. रोमच्या इतिहासावरच्या टिपणांत ही गल्लत झाली की मंजूर न झालेले प्रस्तावही कायदे होऊन बसतात.

‘म्हणतात’ हा अर्थ विसरणे

कर्ता नसलेलं ‘फेरुंत’ आणि कर्मणी ‘फेर्तुर’ यांचा अर्थ बऱ्याचदा ‘असं सांगतात’. रोमन कवी होरेसच्या ‘ओड्स’ या काव्यसंग्रहाच्या तिसऱ्या पुस्तकातल्या पाचव्या ओडमध्ये रोमन सेनापती रेग्युलसची गोष्ट आहे. कार्थेजच्या कैदेतून तो रोमला येतो, कैद्यांची सुटका करून घेऊ नका असा सल्ला सिनेटला देतो आणि छळ समोर दिसत असताना परत जातो. निघताना त्याने बायकोचं चुंबन आणि लहान मुलं दूर सारली, हे सांगताना होरेस वाक्याची सुरुवातच ‘फेर्तुर’ने करतो. ‘रेग्युलसला नेलं जातं’ असं लावलंत तर पुढच्या ‘रेमोविस्से’चं (‘दूर सारलं असणे’) काय करायचं ते कळेनासं होतं. फेर्तुरनंतर असं क्रियार्थक रूप दिसलं, की ‘म्हणतात की’ने सुरुवात करून पाहा, वाक्य सरळ होतं.

उपसर्ग लागल्यावर ओळख न पटणे

आद् + फेरो = अफ्फेरो, अत्तुली, अल्लातुम. आब् + फेरो = आउफेरो, अब्स्तुली, अब्लातुम. इथे पाठांतराला पर्याय नाही. अर्थाकडेही लक्ष हवं: ‘बेल्लुम इन्फेर्रे’ म्हणजे एखाद्यावर युद्ध लादणे, आणि ज्याच्यावर लादलं तो शब्द चतुर्थीत येतो.

‘सुस्तुली’ आणि ‘सुब्लातुम’ दिसले की मात्र आधी ‘तोल्लो’ या दुसऱ्या क्रियापदाखाली पाहा. त्याचा अर्थ ‘उचलणे’, आणि ‘काटा काढणे’ही. इ.स. 59 मध्ये रोमचा सम्राट नीरो याने स्वतःच्या आईला मारवलं. रोममधल्या टवाळखोरांनी त्याच्यावर केलेली द्विपदी चरित्रकार सुएटोनियसने नोंदवली आहे: ईनियासच्या (‘ईनिड’चा नायक, रोमनांचा पुराणातला पूर्वज) थोर कुळातला नीरो नाही, असं कोण म्हणेल? ‘सुस्तुलित हिक मात्रेम, सुस्तुलित इल्ले पत्रेम.’ त्याने बापाला उचललं, याने आईला उचललं. ईनियासने जळत्या ट्रॉयमधून बापाला खांद्यावर नेलं होतं. मराठीत ‘उचलणे’ हे पोलिसांपासून चोरांपर्यंत सगळ्यांना चालतं, म्हणून विनोदाचा निम्मा भाग तरी आपल्याकडे पोचतो.

आणि तो ‘ए’चा खड्डा. ‘रेफेर्त’ ऱ्हस्व ‘ए’ने ‘परत आणतो, कळवतो’, दीर्घ ‘ए’ने ‘महत्त्व आहे, फरक पडतो’. छापील पानावर दोन्ही सारखेच दिसतात. शेजारी ‘मेआ’, ‘तुआ’, ‘मग्नी’ असं काही असेल आणि परत आणण्याजोगं कर्म नसेल, तर दुसरा अर्थ घ्या. ‘क्विद मेआ रेफेर्त?’ म्हणजे ‘मला काय त्याचं?’