मतदान मशीन शिकवताना या चुका टाळा

2017 ला आणि आता जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीआधी, दोन्ही वेळा मी नाशिकमध्ये वस्त्यांत जाऊन मतदानाचं मशीन दाखवलं. नऊ वर्षांत शिकवणारी पोरं बदलली, चुका मात्र त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मतदाराचं बटन स्वतः दाबणं. सिडकोत मंडळाच्या शेडमध्ये आमचा एक उत्साही मुलगा, रांग वाढली म्हणून घाई करत होता. त्याने एका आजींचं बोट हातात धरलं आणि टक टक टक टक चार मतांची चारही बटनं दाबून टाकली, "झालं आजी, समजलं ना?" आजी हो म्हणाल्या, हो म्हणणारच ना, चारचौघांत नाही कोण म्हणेल. मतदानाच्या दिवशी त्याच आजी एक बटन दाबून बाहेर निघाल्या, बीप वाजलाच नाही म्हणून आतून परत बोलावलं, आणि मागे रांगेतले लोक कुरकुर करायला लागले. संध्याकाळी मला भेटल्या तेव्हा डोळ्यात पाणी, "बाई, मत दिलं होतं मी, मग चोरासारखं परत का बोलावलं?" मला अजून वाईट वाटतं त्याचं.

लोकसभेला एकच बटन दाबायची सवय असते, पण महापालिकेला आपल्या नाशिकमध्ये बहुतेक प्रभाग चार जागांचे आहेत, अ ब क ड, म्हणजे चार बटनं. मशीनवर अ च्या मतपत्रिकेचा कागद पांढरा, ब चा फिका गुलाबी, क चा पिवळा, ड चा निळा, त्यामुळे मी लोकांना रंगावरूनच शिकवते, वाचता न येणाऱ्यालाही जमतं. प्रत्येक वेळी बटनाशेजारचा लाल दिवा बघायचा, आणि शेवटचं मत झाल्यावर लांब बीप ऐकूनच हलायचं. एखाद्या जागेला कोणीच पटलं नाही तर तिथे 'नोटा', म्हणजे यापैकी कोणीच नाही, हे बटन दाबा, पण जागा सोडू नका. आणि मी स्वतः हात मागे बांधून उभी राहते, माणूस चुकला तरी मशीनला हात लावत नाही, दुसऱ्यांदा तोच बरोबर करतो. एका माणसाला पाच मिनिटं लागली तर लागू द्या, ज्यांना घाई आहे त्यांनी पत्रकं वाटावीत.

दुसरी चूक चिठ्ठीची. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत आपण कोणाला मत दिलं त्याची चिठ्ठी सात सेकंद दिसते, महापालिकेला ते यंत्रच नव्हतं. आपण आधी सांगितलं नाही की लोक आत जाऊन चिठ्ठी शोधत बसतात, मग बाहेर येऊन "मशीनमध्ये गडबड आहे" म्हणतात आणि गल्लीभर तेच पसरतं. विचारायच्या आधीच सांगून टाका. आणि "असेल बहुतेक" असं तर कधीच बोलू नका, माहीत नसेल तर विचारून येते म्हणा.

बाकी, सरावाला खऱ्या पक्षांची चिन्हं अजिबात नको, आंबा-केळी चालतात. कोणाला दाबलं हे सरावातही विचारू नका. ढोल-स्पीकरशेजारी टेबल लावू नका, बीप ऐकू येत नाही. तीन जागांचा प्रभाग असेल तर चारचं पाठ केलेलं भाषण तिथे ठोकू नका.

आणि दुपारी बारा वाजता टेबल लावून "कोणी येतच नाही" म्हणू नका, सातपूर-अंबडची माणसं तेव्हा कंपनीत असतात, सातनंतर लावा, घरातले सगळे मिळून येतात.